कागदावरची साख : परदेशी शिक्षणसाहाय्य आणि बँकेचे दाखले

(बऱ्हाणपूर येथे महाजन मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा.)



विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या प्रसंगी वक्त्याने विद्येची थोरवी गावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. ते काम माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी या व्यासपीठावरून अनेक वेळा केलेले आहे. माझे आयुष्य बँकेच्या खिडकीपाशी आणि नंतर शाखाधिकाऱ्याच्या खुर्चीत गेले. तेव्हा विद्येविषयी बोलण्यापेक्षा विद्येच्या वाटेवर आडव्या येणाऱ्या एका कागदाविषयी बोलावे, असे मी ठरविले. परदेशातील विद्यापीठाकडे आर्थिक साहाय्याचा अर्ज करताना विद्यार्थ्याला आपल्या कुटुंबाच्या बँकेचे जे दाखले जोडावे लागतात, तो हा कागद होय. विषय रूक्ष आहे हे मी जाणतो. परंतु या रूक्ष विषयापायी एका मुलाची संधी गेली, आणि ती घालविणारा मीच होतो. ती हकीगत आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाचे प्रयोजन आपल्या ध्यानी येईल.

सन 2006 चा डिसेंबर महिना होता. मी तेव्हा एका बँकेच्या शाखेचा प्रमुख होतो. आमचे एक जुने खातेदार, चार यंत्रमागांचे धनी, दुपारच्या गर्दीत माझ्यासमोर येऊन बसले. त्यांचा मुलगा बुद्धिमान होता. त्याने अमेरिकेतील एका महाविद्यालयाकडे प्रवेशाचा व आर्थिक साहाय्याचा अर्ज करण्याचे योजिले होते. त्या महाविद्यालयाच्या छापील नमुन्यात अखेरीस एक चौकट होती; तीत बँकेच्या अधिकाऱ्याने सही करून शिक्का उमटवावयाचा होता. मी तो कागद हातात घेतला, इंग्रजीतील मजकुराच्या चार ओळींवरून नजर फिरविली आणि म्हणालो, "आमची बँक परदेशी कागदांवर सह्या करीत नाही." ते गृहस्थ क्षणभर थांबले, "बरं साहेब" म्हणाले आणि कागदाची घडी करून निघून गेले. अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या तारखेला होती. ती टळली. मुलगा पुढे आपल्याच देशात अभियंता झाला आणि चांगल्या नोकरीस लागला. परंतु जे दार त्याने स्वतःच्या बुद्धीने ठोठावले होते, ते उघडले असते की नाही, हे आता कोणालाच कळावयाचे नाही.

निवृत्तीनंतर, सन 2019 मध्ये, माझ्या पुतणीने असाच एक नमुना माझ्यापुढे ठेवला. या वेळी मी तो सावकाश, ओळ न् ओळ वाचला. बँकेने त्यात काय लिहावयाचे होते? हे खाते आमच्याकडे आहे, ते अमुक साली उघडले, आज त्यात अमुक शिल्लक आहे आणि खातेदाराने दिलेले आकडे आमच्या नोंदींशी जुळतात, एवढेच. यातील एकही गोष्ट अशी नव्हती की जी कोणताही शाखाधिकारी खातेदाराच्या लेखी विनंतीवरून देऊ शकला नसता. मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या यंत्रमागवाल्या गृहस्थांचे घर शोधून काढले व झाले ते सांगून क्षमा मागितली. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही नाही म्हणालात त्याचं काही नाही. का नाही, एवढं सांगितलं असतं, तर मी दुसरीकडे गेलो असतो." सज्जनहो, आजच्या व्याख्यानाचे सार याच वाक्यात आहे. दाखला देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे कळत नाही, मागणाऱ्याला आपण काय मागत आहोत हे सांगता येत नाही, आणि दोघांच्या मध्ये मुदत निघून जाते.

आता बऱ्हाणपुराच्या माणसाला कागदावरची साख म्हणजे काय, हे परक्याने शिकवावे, अशी खरोखर परिस्थिती नाही. हे नगर फारुकी सुलतानांनी वसविले. मोगलांच्या काळात ते दक्षिणेचे द्वार झाले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सन 1615 मध्ये येथे येऊन शाहजादा परवीझ याला भेटून गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये येथून गेला, तेव्हा येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया व पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेविले. एवढा व्यापार रोख नाण्यांच्या थैल्या वाहून चालत नसे. तो हुंडीवर चाले. येथील पेढीवर लिहिलेली हुंडी सुरतेस वा आग्र्यास पटे, ती तिच्यामागील नावावर असलेल्या विश्वासामुळे. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, शाहजोग हुंडी असे तिचे प्रकार होते. शाहजोग हुंडीचे पैसे तर प्रतिष्ठित, ओळखीच्या माणसालाच मिळत. दूरच्या अपरिचित माणसाने केवळ कागद पाहून विश्वास टाकावा, ही कला या नगराला चारशे वर्षांपूर्वी अवगत होती. परदेशी विद्यापीठ आज आपल्याकडे मागते ते याच जातीचे काहीतरी आहे. फरक इतकाच की हुंडीमागे पेढीची साख असे, आणि या दाखल्यामागे बँकेच्या नोंदीची व कुटुंबाच्या खरेपणाची साख असते.

परदेशी शिक्षणाचा इतिहासही हेच सांगतो. आनंदीबाई जोशी सन 1883 मध्ये अमेरिकेस निघाल्या, तेव्हा गोपाळराव टपालखात्यातील एक सामान्य नोकर होते. अंगावरचे सोने विकावे लागले. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली. आणि न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी घर दिले. सन 1886 मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्यापाशी संपत्तीचा पुरावा नव्हता. आपली परिस्थिती कशी आहे, हे मात्र त्यांनी स्पष्टपणे लिहून कळविले होते. सन 1892 मध्ये जमशेटजी टाटा यांनी परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापिला, त्याच्या पहिल्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर होत्या. हा निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. विद्यार्थ्याने कमावते झाल्यावर ती फेडावी आणि त्या पैशातून पुढच्या विद्यार्थ्याने जावे, अशी त्यामागील योजना आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर आपल्या आजच्या विषयाशी अधिकच निगडित आहे. सन 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला. न्यूयॉर्कचे शिक्षण झाले, लंडनचे सुरू झाले. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि सन 1917 मध्ये प्रबंध अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. पुढे मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपयांचे कर्ज घेतले आणि सन 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या असामान्य पुरुषालाही निधीच्या मुदतीने तीन वर्षे मागे खेचले. पहिल्या वर्षाचा पैसा दाखविणे आणि शेवटच्या वर्षापर्यंतचा पैसा जमविणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजही अनेक कुटुंबे पहिलीच साधतात आणि दुसरीच्या बाबतीत देवावर भार टाकतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. परदेशी शिक्षणाच्या मार्गात बँकेचा कागद दोनदा लागतो, आणि त्या दोन वेळांचा हेतू परस्परविरुद्ध दिसतो. येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. पहिल्या वेळी विद्यापीठाचे साहाय्य कार्यालय विचारते, "तुमच्यापाशी किती आहे आणि किती कमी पडते?" दुसऱ्या वेळी प्रवेश मिळाल्यानंतर परवान्याच्या, म्हणजे व्हिसाच्या, वेळी विचारले जाते, "खर्च भागविण्यास पुरेसा पैसा आहे ना?" लोक काय करतात? पहिल्या वेळी संपत्ती लपवितात आणि दुसऱ्या वेळी नसलेली दाखवितात. दोन्ही कागद आपलेच आहेत, त्यांवर एकच नाव आहे, आणि ते दोन्ही एखाद्या दिवशी एकाच मेजावर येऊ शकतात, हे कोणी ध्यानात घेत नाही.

वस्तुतः या दोन कागदांत विरोध मुळीच नाही. समजा, एका महाविद्यालयाचा वर्षाचा एकूण खर्च ऐंशी हजार डॉलर आहे. आपण खरी परिस्थिती कळविली आणि महाविद्यालयाने सत्तर हजारांचे साहाय्य मंजूर केले. आता कुटुंबाचा वाटा राहिला दहा हजारांचा. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला आय-ट्वेंटी नावाचे पत्र देताना महाविद्यालय किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद पाहते. त्या तरतुदीत त्याचे स्वतःचे साहाय्य जमेस धरलेले असते. म्हणजे बँकेच्या दाखल्याने सिद्ध करावयाचे ते फक्त उरलेले दहा हजार. पुष्कळ पालक मात्र संपूर्ण ऐंशी हजार डॉलरांचे रुपये करून पाहतात, छातीवर दडपण घेतात आणि अर्जच करीत नाहीत, किंवा खोटेपणाकडे वळतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. आणि ॲमहर्स्ट या संस्था परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितले म्हणून त्याच्या प्रवेशाच्या निर्णयात फरक करीत नाहीत, आणि प्रवेश दिल्यास सिद्ध झालेली गरज भागवितात. अन्य पुष्कळ महाविद्यालये मात्र गरज विचारात घेऊन प्रवेश ठरवितात. त्यांपैकी अनेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी साहाय्य मागितले नाही, तर पुढे मागता येत नाही. तेव्हा "आधी प्रवेश मिळू दे, पैशाचे मग पाहू" हा आपला नेहमीचा शहाणपणा येथे घातक ठरतो.

देशोदेशीचे नियम वेगळे आहेत, तेही थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या परवान्यासाठी आवश्यक रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते, आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या 31 दिवसांतील असावा लागतो. शिवाय ते खाते विद्यार्थ्याचे स्वतःचे किंवा आईवडिलांचे अथवा कायदेशीर पालकाचे असावे लागते. आपल्या एकत्र कुटुंबात थोरले काका कर्ते असतात आणि घरचा पैसा त्यांच्याच खात्यात असतो. तो पैसा तेथे चालत नाही. हे वेळीच कळले तर काकांना पुतण्याच्या वडिलांच्या खात्यात रीतसर रक्कम देता येते. उशिरा कळले तर 28 दिवस मिळत नाहीत. जर्मनीत निराळी पद्धत आहे. तेथे विद्यार्थ्याच्या नावे अवरुद्ध खाते उघडून त्यात वर्षाची रक्कम आगाऊ ठेवावी लागते आणि ती त्याला दरमहा हप्त्याने मिळते. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो, म्हणजे महिन्यास 992 युरो, अशी ठरविण्यात आली. असे आकडे बदलत असतात. यास्तव प्रत्येकाने अर्जाच्या वेळी त्या त्या देशाची अधिकृत सूचना स्वतः वाचावी. दलालाच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नये.

आता प्रत्यक्ष दाखल्यांविषयी. पहिला दाखला शिलकेचा. तो बँकेच्या छापील शीर्षपत्रावर, इंग्रजीत असावा. त्यात खातेदाराचे पूर्ण नाव, खात्याचा क्रमांक व प्रकार, खाते उघडल्याची तारीख, अमुक दिवशीची शिल्लक आकड्यांत व अक्षरांत, आणि मागितले असल्यास परकीय चलनातील रक्कम, विनिमयाचा दर व त्या दराची तारीख ही असावीत. खाली अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा, शाखेचा शिक्का व दूरध्वनी क्रमांक असावा. नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे पासबुकावर आद्याक्षरे असतात, आधारपत्रावर वडिलांचे नाव मध्ये असते, पारपत्रावर आडनाव पुढे जाते. परक्या देशातील कारकुनाला ही तीन माणसे वाटतात. नाव आधीच एकसारखे करून घ्यावे, अथवा दाखल्यातच "हे व ते एकच" असा उल्लेख मागावा.

दुसरा दाखला खातेउताऱ्याचा. एका दिवसाची शिल्लक म्हणजे छायाचित्र, तर सहा महिन्यांचा उतारा म्हणजे चरित्र. आपल्या जिल्ह्यात केळीचे पीक मोठे. केळीवाल्या शेतकऱ्याच्या खात्यात घड कापल्यावर एकदम मोठी रक्कम येते आणि पुढील लागवडीत ती विरून जाते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकांपाशी आयकराचे विवरणपत्रही नसते. परदेशी अधिकाऱ्याला यातले काय कळावे? त्याला एक तर हा मनुष्य श्रीमंत वाटतो, नाही तर लबाड. यावर उपाय सोपा आहे. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, जमिनीचा उतारा, केळीच्या विक्रीच्या पावत्या आणि सोबत एक पानाचे साधे पत्र : उत्पन्न केव्हा येते, खर्च केव्हा होतो, वर्षाअखेर हातात काय उरते. यंत्रमागवाल्यांची अडचण दुसरी. त्यांच्या चालू खात्यातून वर्षभरात लाखो रुपये फिरतात, पण ते सुताचे आणि मजुरीचे असतात. उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु नमुन्यात ते लिहावे लागते. तसेच आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचे जानेवारी ते डिसेंबर. आपण दिलेले आकडे कोणत्या बारा महिन्यांचे आहेत, हे स्पष्ट न लिहिल्यास दोन कागदांतील आकडे जुळत नाहीत आणि विनाकारण संशय उत्पन्न होतो.

तिसरा कागद मुदत ठेवींचा. ठेवीवर कर्ज काढले असेल तर ती ठेव मोकळी नाही. बँकेने तसे लिहिलेच पाहिजे आणि आपणही ते लपवू नये. चौथा कागद शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्राचा. याचा उपयोग फार मोठा आहे, कारण मंजूर झालेले कर्ज ही पुष्कळ ठिकाणी तरतूद मानली जाते. बँकांच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास सामान्यतः तारण मागितले जात नाही; चार लाखांच्या वर परदेशी शिक्षणासाठी शेकडा 15 इतका स्वतःचा वाटा घालावा लागतो. हा वाटा वर्षावर्षाने घालता येतो आणि मिळालेली शिष्यवृत्ती त्यात धरता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. मोठ्या कर्जास तारण लागते. शेतजमीन तारण म्हणून बहुधा घेत नाहीत. आणि जुन्या शहरातील आपली घरे वडिलोपार्जित, वाटणी न झालेली, आजोबांच्या नावावर असतात. मुलगा बारावीत गेल्यावर घराच्या कागदांची आठवण होऊन उपयोग नाही. तो नववीत असतानाच ती व्हावयास हवी.

आता बँकेच्या बाजूनेही चार शब्द बोलणे न्यायाचे होईल. शाखाधिकारी केवळ आपल्या वहीत जे आहे तेच लिहू शकतो. "या कुटुंबाला चार वर्षांचा खर्च झेपेल" असे तो लिहू शकत नाही, आणि तसे लिहून मागू नये. आपल्या पत्राच्या शेवटी, बँकेवर वा तिच्या अधिकाऱ्यांवर कोणतीही जबाबदारी न येता हा दाखला दिला आहे, असे एक वाक्य तो घालतो. त्याने पालकांनी घाबरून जाऊ नये, तो शिरस्ता आहे. खातेदाराची माहिती त्याच्या लेखी अर्जाविना बँक देत नाही, म्हणून अर्ज घेऊन जावे. त्या अर्जात कोणती माहिती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या संस्थेसाठी हवी, ते लिहावे आणि परदेशी नमुन्यातील मजकुराचे मराठीत वा हिंदीत थोडक्यात सार जोडावे. परक्या नमुन्यावर सही करण्यास अधिकारी कचरत असेल, तर तीच माहिती बँकेच्या स्वतःच्या पत्रात मागावी आणि ते पत्र चालेल काय, हे महाविद्यालयाला विचारावे. बऱ्याच ठिकाणी ते चालते. सन 2006 मध्ये मला कोणी असे सार लिहून दिले असते तर, असे मी म्हणणार नाही. वाचणे हे माझे काम होते. परंतु माझ्यासारखे न वाचणारे अधिकारी आजही असतील. त्यांच्या आळसावर आपल्या मुलाचे भवितव्य सोपवू नका.

मित्रहो, एका दुखऱ्या विषयाला स्पर्श केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. दाखविण्यापुरते पैसे खात्यात आणावयाचे, दाखला घ्यावयाचा आणि आठ दिवसांनी परत करावयाचे, ही रीत सर्वत्र पसरली आहे. काही ठिकाणी तर बनावट उतारे विकत मिळतात. हे करणारे लोक वाईट नसतात. मुलाच्या मायेने ते आंधळे झालेले असतात. परंतु परिणाम माया पाहत नाहीत. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम उताऱ्यात उठून दिसते आणि तिचा उगम विचारला जातो. परवान्यासाठी फसवणूक केल्याचे ठरले तर इंग्लंडचे दार दहा वर्षे बंद होऊ शकते, आणि अमेरिकेच्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनाबद्दल कायमची प्रवेशबंदी येऊ शकते. ती बंदी सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलाच्या नावावर बसते, ज्याने बहुधा तो कागद वाचलेलाही नसतो. आणि पकडले गेले नाही, तरी काय होते? पहिले वर्ष निभावते, दुसऱ्या वर्षी शुल्क भरावयास पैसा नसतो, आणि मुलगा परक्या देशात अभ्यास सोडून रात्रपाळ्या शोधू लागतो. खोट्या दाखल्याने दार उघडते, घर चालत नाही.

उलट गरिबी खरी लिहिण्यात आपल्याला कमीपणा वाटतो. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न आपण सातासमुद्रांपलीकडील कार्यालयालाही लावतो! तेथील अधिकारी आपल्या आळीत राहत नाही. त्याला आपली पत ठरवावयाची नसते, गरज मोजावयाची असते. ज्याने आपली गरज मोकळेपणी लिहिली नाही, त्याला साहाय्य कसे मिळावे?

मंडळासमोर तीन विनंत्या ठेवून मी आपले म्हणणे पुरे करतो. पहिली अशी की, बँक, कर-सल्ला व शिक्षण या क्षेत्रांतील तीन निवृत्त मंडळींची एक लहान समिती मंडळाने नेमावी; तिने महिन्यातून एक रविवार याच सभागृहात बसून विद्यार्थ्यांचे नमुने वाचून द्यावेत. दुसरी अशी की, मुदतींचे एक कोष्टक दरवर्षी जूनमध्ये फलकावर लावावे : पावसाळ्यात आयकराचे व तहसीलचे कागद, दसऱ्याच्या सुमारास बँकेचे दाखले, नोव्हेंबर ते जानेवारीत अर्ज, मार्चअखेरीस निकाल, आणि त्यानंतर कर्ज व परवाना. तिसरी विनंती अधिक जबाबदारीची आहे. मंडळाने कोणत्याही विद्यार्थ्यास आर्थिक हमीचे पत्र द्यावयाचे झाल्यास ते सभेच्या ठरावाने, निधीत तेवढी रक्कम बाजूला काढून मगच द्यावे. देवाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या सहीमागे पैसा नसेल, तर ती सही करू नये. अशी पंचवीस वर्षे वागलेल्या मंडळाचा शब्द कोणत्याही बँकेच्या शिक्क्याइतका मोलाचा होईल.

त्या यंत्रमागवाल्या गृहस्थांना मी मघाशी न सांगितलेले एक उत्तर देणे आहे. "का नाही, एवढं सांगितलं असतं," असे ते म्हणाले. गेली काही वर्षे मी जमेल तेव्हा मुलांचे असे कागद वाचून देतो. वर सांगितलेल्या समितीत मंडळाने मला घ्यावे, अशी माझी मागणी आहे. आणि तिच्या पहिल्या रविवारी, पहिल्या खुर्चीवर बसून, येणाऱ्या प्रत्येक पालकाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याचे मी आज या मंडपात कबूल करतो. त्यातून जे करता येईल ते करून देईन. जे करता येणार नाही, त्याचे कारण सांगेन, म्हणजे त्यांना वेळेत दुसरीकडे जाता येईल.

आज सत्कार झालेल्या सर्व विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.